मधनं मधनं

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसले. जूनचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्या शाळेच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते. खिडकीपुढं पालकांची रांग, ओल्या छत्र्यांचं पाणी फरशीवरनं वाहत टेबलाखाली आलेलं, झेरॉक्स मशीन गरम होऊन मधेच बंद पडलेलं आणि या सगळ्याला भिजलेल्या गणवेशांचा तो कुबट वास. अशात एक २७-२८ वर्षांचा माणूस खिडकीशी येऊन उभा राहिला. नखांच्या कडेनं काळं तेल मुरलेलं, कडेवर चार-पाच वर्षांची पोरगी, ती पोरगी खिडकीच्या गजाला धरून माझ्या टेबलावरचे रबरी शिक्के बघत होती. म्हणाला, "मॅडम, माझा शाळेचा दाखला पायजे हुता. हिचा जातीचा दाखला काढायचाय, तर सेतूत म्हणाले बापाचा शाळेचा दाखला आणा." हे आमचं रोजचंच काम. रजिस्टर काढायला साल लागतं म्हणून मी मान खाली घालूनच विचारलं, शाळा कुठल्या साली सोडली तुम्ही?

तो काहीच बोलेना. मला वाटलं गर्दीत ऐकू गेलं नाही, परत विचारलं. तर खिडकीत वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "ते सांगता यायचं न्हाई मॅडम. मी शाळा सोडली असं कवा झालंच न्हाई. त्या दिवशी नुसता गेलो न्हाई."

मागचा माणूस म्हणाला, आवरा की ओ लवकर. मी नाव, जन्मतारीख लिहून घेतली आणि शुक्रवारी या म्हणलं.

मी २००६ पासून शाळेत क्लार्क आहे. इतक्या वर्षांत किती दाखले लिहिले त्याला गणती नाही. आणि त्यातनं एक गोष्ट मला कळलीय, जो पोरगा खरोखर शाळेतनं सुटतो तो दाखला न्यायला येतच नाही. बदलीनं दुसऱ्या गावाला जाणारा येतो, दहावी पास झालेला पेढे घेऊन येतो, आईवडलांचं आणि मुख्याध्यापकांचं वाजलं की ते तावातावानं येतात. सुटलेला येत नाही. त्याचं नाव एप्रिलअखेर आम्हीच पटावरनं कमी करतो. मग तो दहा-बारा वर्षांनी उगवतो, लायसन्स काढायचं असतं, पासपोर्ट काढायचा असतो, नाहीतर असं पोरीच्या जातीच्या दाखल्यासाठी, आणि तोपर्यंत त्याची दाढी आलेली असते, चेहरा ओळखू येत नाही, आणि तो खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा मात्र हात मागं बांधून उभा राहतो, नववीतल्यासारखा.

संध्याकाळी गर्दी सरल्यावर जनरल रजिस्टर काढलं. नाव सापडलं. शाळा सोडल्याचा दिनांक ३०/४/२०१२. इयत्ता नववी. कारण : सतत गैरहजर. अक्षर माझंच. त्या एका पानावर त्या साली पाच नावं कमी केलेली होती, पाचही जणांची तारीख तीच, ३० एप्रिल, आणि पहिल्या नावापुढं ‘सतत गैरहजर’ लिहून खालच्या चौघांना मी नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेलं. मला तो दिवस आठवत नाही. आठवायचं कारणही नाही, दर एप्रिलला वर्गशिक्षकांकडनं यादी येते, आपण ओळीनं लिहीत जातो, बाहेर उन्हाचा कडाका असतो, पंखा गरम हवा फिरवत असतो, कधी एकदा संपतंय असं झालेलं असतं. चार पोरांची शाळा सुटली आणि त्यांच्या वाट्याला आठ अक्षरंसुद्धा नवी आली नाहीत, वरच्याचीच चिकटवली. हे बघून मला बरं वाटलं नाही. त्या रात्री जेवणपण नीट गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना सांगून माळ्यावरनं २०११-१२ ची हजेरीपत्रकं काढली. जुन्या हजेरीपत्रकाला एक वास असतो, धूळ, झुरळाच्या गोळ्या आणि शाई यांचा मिळून. आमच्याकडं हजर असला की निळी खूण आणि गैरहजर असला की लाल शाईत ‘ग’. मी बोट ठेवून त्याच्या नावाची ओळ बघत गेले. जूनमध्ये एकही लाल नाही. जुलैत दोन. ऑगस्टमध्ये दोन, पण जोडून. सप्टेंबरमध्ये तीन, त्यातला एक चाचणीचे पेपर दाखवायच्या दिवशीचा असणार असं मला तारखेवरनं वाटलं. ऑक्टोबरमध्ये चार. दिवाळीची सुट्टी. आणि सुट्टीनंतर ती ओळ लालच व्हायला लागते, मधेच कुठंतरी दोन-चार निळ्या खुणा. १७ डिसेंबरला शेवटची निळी. जानेवारी अख्खा ‘ग’ ‘ग’ ‘ग’. आणि फेब्रुवारीपासनं सरांनी ‘ग’ लिहायचंही सोडून दिलंय, नावापुढं एक आडवी रेघ, पट्टीनं मारलेली.

म्हणजे रजिस्टरप्रमाणं तो ३० एप्रिलला सुटला. हजेरीप्रमाणं १७ डिसेंबरला. पण ती ओळ जुलैपासनंच वाकायला लागली होती, आणि हे सगळं लिहिलेलं होतं, रोजच्या रोज, शाईत, फक्त ज्याच्याबद्दल लिहिलं होतं त्यानं ते कधी बघितलं नव्हतं. पोरांना हजेरीत आपलं नाव ऐकू येतं, दिसत नाही.

लहानपणी मे महिन्यात मी हुपरीला आत्याकडं जायचे. हुपरी म्हणजे चांदी, घराघरात चांदी. सोप्यात बायका ओळीनं पैंजणाच्या कड्या जोडत बसलेल्या, भट्टीचा धग लागणारा उबारा, ॲसिडचा नाकात जाणारा वास, आणि भिंतीच्या पलीकडनं पण तेच किणकिण किणकिण. माझी आत्येबहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. एका सुट्टीत मी विचारलं, आता नववीला ना गं? तर हातातलं काम न थांबवता म्हणाली, "जातो की, मधनं मधनं." (आमच्याकडं पोरीपण जातोच म्हणतात.) मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. तिचं दप्तर खुंटीला होतं. पुढच्या सुट्टीत गेले तर दप्तर त्याच खुंटीला होतं पण त्यात आत्यानं जुने कपडे भरलेले, आणि तिची कंपासपेटी तिच्या मांडीशी उघडी, आत करकटक नाही, कोनमापक नाही, घुंगरं. बारीक बारीक चांदीची घुंगरं, मापाप्रमाणं कागदाचे कप्पे करून ठेवलेली. मला ती पेटी इतकी आवडली होती तेव्हा. तिला कुणी शाळा सोड म्हणलं नव्हतं. आत्या तर अजूनही म्हणते की आम्ही कुठं नको म्हणलो, तिचंच मन लागंना. आणि ताईला विचारलं तर ती म्हणते मी कुठं सोडली, एकदा पाय मुरगळला म्हणून आठ दिवस घरी हुतो, मग जायला कसंतरीच वाटायला लागलं.

तो "मधनं मधनं" मी नंतर खूप वेळा ऐकला. रंकाळ्यावर कणसं भाजणाऱ्या पोराकडनं, गाडी धुवायच्या सेंटरवर पाईप धरून उभ्या असलेल्या पोराकडनं. कितवीला हायस रे? नववीला. जातोस का? जातो की, मधनं मधनं. शाळा सोडलेला पोरगा असं म्हणत नाही, तो सरळ सोडली म्हणतो. मधनं मधनं म्हणणारा अजून दारात असतो, एक पाय आत. आणि खरं म्हणजे त्याच वेळी त्याला कुणीतरी खांद्याला धरून सांगायला पाहिजे की बाबा, तू आत्ता सोडतोयस, हे असंच असतं सोडणं, याच्यापेक्षा वेगळं काही होत नाही.

आमच्याकडं गणिताला एक तरुण सर आहेत. त्यांना मी ते हजेरीपत्रक दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, मॅडम याच्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झालाय. फिलाडेल्फिया शहरातल्या शाळांमधल्या सहावीच्या पोरांचा तिथल्या अभ्यासकांनी कित्येक वर्षं माग काढला, बाल्फान्झ म्हणून एक आहेत आणि त्यांचे सहकारी, २००७ ला ते छापून आलं. सहावीतच चार गोष्टींवरनं त्यांना कळत होतं की यातलं कोण पुढं गळणार. हजेरी ८० टक्क्यांच्या खाली, गणितात नापास, भाषेत म्हणजे त्यांच्या इंग्लिशमध्ये नापास, आणि वागणुकीचा शेरा खराब. यातली एक जरी गोष्ट असली तरी पोरगा वेळेत शाळा पुरी करायची शक्यता एकदम खाली येते. मी ऐकलं आणि मला वाटलं, हे सगळं तर माझ्या कपाटात आहे. हजेरी आहे, गुणपत्रक आहे, वागणुकीचा रकाना तर दाखल्यावरच असतो. सर म्हणाले, तिथं सरासरी दहातला एक दिवस बुडाला तरी धोक्याची खूण धरतात. आम्ही हिशोब केला. आपल्याकडं सहावी ते आठवीला वर्षाचे निदान २२० दिवस भरले पाहिजेत, म्हणजे २२ दिवस, म्हणजे महिन्याला दोन. दोन दिवस! दोन दिवस तर पोरं जोतिबाच्या यात्रेला, मामाच्या पोराच्या बारशाला, नुसत्या पावसालासुद्धा बुडवतात आणि आपल्याला काहीच वाटत नाही. त्या पोराचा जुलै परत आठवला मला. दोन.

आता नववीचं सांगते कारण हे मी ऑफिसात बसून बघितलंय आणि मला त्याचा राग येतो. आठवीपर्यंत पोराला चारी बाजूंनी हात असतात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला. पुस्तकं फुकट, आठवीपर्यंत. खिचडी, आठवीपर्यंत. नापास करायचं नाही, हेही त्या पोराच्या वेळी आठवीपर्यंतच होतं. कामावर ठेवायला पूर्ण बंदी, तीसुद्धा १४ पर्यंतच, पुढं १८ पर्यंत फक्त धोक्याच्या कामांना बंदी. म्हणजे एकाच जूनमध्ये सगळे हात सुटतात, आणि नेमकं त्याच जूनमध्ये बीजगणित भूमिती वेगळी होतात, वह्यांचा खर्च वाढतो, आणि बाहेर कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, येतोस का कामाला. ज्यांच्या शाळेत पाचवी ते दहावी एकत्र आहे त्यांनी मधल्या सुट्टीत नववीच्या पोरांकडं बघावं. खालच्या वर्गाची पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसलेली असतात, वाटाण्याच्या खिचडीचा वास सगळ्या पटांगणात पसरलेला असतो, आणि नववीची दोन-तीन पोरं नळाजवळ उभी असतात, डबा नसलेली. एक वर्षापूर्वी ती त्या ओळीत होती. खिचडीवाल्या मावशी हातचं राखून थोडी उरवतात आणि हाक मारतात, पण १४ वर्षांच्या पोराला मान असतो, तो तिकडं बघत नाही. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा पास झालेल्याला नववीपासनं बारावीपर्यंत वर्षाला १२,००० मिळतात, ते चांगलंच आहे, पण ते निवडक पोरांना, आणि ती पोरं नळाजवळ उभी राहणारी नसतात.

२६ जूनला आमच्याकडं शाहू जयंती, पोरं भाषणं करतात. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड, हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं आणि प्रत्येक पोर ते वाक्य जोरात म्हणतं. कोल्हापुरात राहून मला या गोष्टीचा अभिमान नाही असं कसं होईल. पण गेल्या वर्षी ते भाषण ऐकताना, ते हजेरीपत्रक डोक्यात असताना, मला वाटलं की दंड बापाला होता, आजचा कायदा सरकारला बांधतो, शाळेला बांधतो, आणि ते बरोबरच आहे, पोराला कशाला बांधायचं. पण पोराशी कुणीतरी बोलायला नको का? त्याचं तो ओळखेल असं काहीतरी त्याच्या हातात द्यायला नको का?

सरांनी ते केलं. जुलैचा दुसरा आठवडा असेल, पाऊस धो धो, पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात. मी कसलीतरी सूचना घेऊन नववीच्या वर्गात गेले होते आणि दारातच थांबले. सरांनी विचारलं, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी किती? अख्खा वर्ग ओरडला, ३९! धोका पातळी? ४३! कोल्हापूरच्या पोराला पाढे येणार नाहीत पण हे आकडे झोपेत विचारले तरी येतात, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा यातली कितीतरी पोरं बोटीतनं बाहेर काढलेली. मग सरांनी विचारलं, ३९ ला काय करतो आपण? एक पोरगी म्हणाली, सामान माळ्यावर टाकतो सर, म्हशी वर नेतो. ४३ ला? घर सोडतो. आणि ३९ ला कळलं नाही तर? कुणी बोललं नाही. सर म्हणाले, शाळेची पण एक इशारा पातळी असते. प्रत्येकाची. महिन्यात दोन.

मग वहीच्या शेवटच्या पानावर चौकोन आखायला लावले, महिन्याला एक ओळ. शाळा बुडाली की तो चौकोन आपणच लाल करायचा, आणि बाजूला दोन शब्दांत कारण, स्वतःच्या भाषेत, खरं. सर तपासणार नाहीत, घरी दाखवायची सक्ती नाही. एकच नियम, महिन्यात दोन चौकोन लाल झाले की कुणाला तरी सांगायचं. कुणालाही, सरांना, मला, शिपाईमामांना, शेजारच्या बाकावरच्याला. मला आधी वाटलं पोरं दोन दिवस करतील आणि सोडतील. काहींनी सोडलंच. पण बरीच जणं करत राहिली, आणि मग ती ऑफिसच्या खिडकीत यायला लागली.

एक पोरगी आली, वही पोटाशी धरून. तिच्या प्रत्येक ओळीत तीन चौकोन लाल, एकमेकाला चिकटून. तिनं कारणाच्या जागी काही लिहिलं नव्हतं आणि मला विचारायची गरज पण पडली नाही. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटत हुतं माझी हजेरी चांगली हाय." मुलींच्या बाथरूममधल्या नळाला पाणी नव्हतं, वरच्या टाकीचा कॉक कित्येक महिने बिघडलेला. कॉक बदलला, फार तर अर्ध्या तासाचं काम. इतके महिने तो तसाच होता आणि मी त्याच इमारतीत बसत होते. एका पोराचे लाल चौकोन सगळे गुरुवारचे, त्याला स्वतःलाच ते दोन महिन्यांनी दिसलं, गुरुवारी भूमितीचे दोन तास जोडून असायचे आणि प्रमेय म्हणायला फळ्यापाशी उभं करायचे. तो म्हणाला सकाळी खरंच पोटात दुखतंय मॅडम, मी खोटं न्हाई बोलत. मला माहितीय तो खोटं बोलत नव्हता. आणखी एकानं कारणाच्या रकान्यात पाच वेळा ‘माहीत नाही’ लिहिलं होतं, पाचव्या वेळी त्याच्या खाली रेघ मारलेली. तो सगळ्यांत आधी सरांकडं गेला.

आणि एक पोरगा होता, त्याचे चौकोन अर्धे लाल. तिरकी रेघ मारून अर्धे. मी म्हणलं हे काय रे, अर्धा दिवस येतोस काय? म्हणाला, "येतोय मॅडम पूर्ण. पर त्या दिवशी आलो हुतो पर नव्हतो." त्याला कुणी शिकवलं नव्हतं हे. शेवटच्या बाकावर बसायचं, सर विचारतील म्हणून मान खाली, वही उघडी पण पान तेच, डबा एकट्यानं खायचा, असे दिवस तो मोजत होता. आमच्या हजेरीत त्या दिवशी निळी खूण असते. आमच्याकडं अशा दिवसाला अक्षरच नाही.

डिसेंबरात एक पोरगा खिडकीत येऊन म्हणाला, मॅडम मी चाललोय. पन्हाळ्याकडं मामाच्या गुऱ्हाळावर, सीझन संपेपर्यंत, घरी पैशाची ओढाताण आहे. माझ्या पोटात एकदम कालवलं. पण मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत मला हे सांगून कुणी गेलं नव्हतं. तो म्हणाला, नाव कमी करू नकासा, मी परीक्षेला येतो. सरांनी त्याच्याबरोबर बसून कुठले धडे करायचे ते लिहून दिलं, आठवड्यातनं एक दिवस तरी यायचं ठरवलं, तो कधी यायचा कधी नाही, आला की त्याच्या कपड्यांना काकवीचा गोड जळका वास असायचा आणि पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. गणितात गेला. फेरपरीक्षेत निघाला. आता दहावीत आहे आणि अजूनही त्याच्या महिन्याला दोन-तीन चौकोन लाल होतातच, माझा जीव टांगणीला असतो.

सगळ्यांचं असं झालं नाही. एका पोरीचं पान वर्षभर स्वच्छ होतं, एक लाल चौकोन नाही, अक्षर मोत्यासारखं. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ती आलीच नाही. मे महिन्यात गावाकडं तिचं लग्न लावून दिल्याचं मैत्रिणींनी सांगितलं, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करावा हे शहाणपण आम्हाला सुचायच्या आधीच. तिची जुनी वही एका मैत्रिणीकडं राहिली होती, मी बघितली. ते कोरं पान मी किती वेळ बघत होते. तिला कळलं असेल का कुणी तिच्याबद्दल काय ठरवतंय ते, आणि कळलं असलं तरी त्या चौकोनात ती ते कुठं लिहिणार होती? त्याच्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

त्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. तो आला, दुपारी, वर्कशॉपच्या सुट्टीत. उद्यमनगरात लेथवर असतो, अंगाला कूलंटचा तो आंबूस वास. दाखला मी लिहून तयार ठेवला होता, रजिस्टरला असेल तेच लिहावं लागतं म्हणून ‘सतत गैरहजर’ असंच लिहिलं होतं. त्यानं ते वाचलं, काही बोलला नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडेल असं घातलं. मी १७ नंबरच्या फॉर्मचं सांगितलं, बाहेरून दहावीला बसता येतं, कुठल्या महिन्यात भरायचा ते पण सांगितलं. "बघू" म्हणाला. मग मलाच राहवलं नाही, मी हजेरीपत्रक उघडून त्याच्यापुढं सरकवलं. म्हणलं, त्या दिवशी सांगता यायचं नाही म्हणाला होता ना.

तो खिडकीतनं आत वाकला. पोरगी आज बरोबर नव्हती. तेलाचा डाग पडू नये म्हणून त्यानं आधी बोट शर्टाला पुसलं, मग ओळीवर ठेवलं, आणि जूनपासनं एकेक खूण बघत पुढं गेला, घाई नाही. ऑगस्टच्या दोन लाल खुणांपाशी थांबला. "हितं आज्जी वारली." सप्टेंबरपाशी म्हणाला, "पेपर दाखवणार हुते." ऑक्टोबरला काही बोलला नाही. दिवाळीनंतरच्या पानावर म्हणाला, काकानं सुट्टीत शॉपवर लावलं हुतं, आठवड्याला ३०० रुपये, पहिल्या पगारातनं आईला साडी घेतली मॅडम मी. हे सांगताना तो हसला. मग १७ डिसेंबर. त्या शेवटच्या निळ्या खुणेवर बोट तसंच ठेवून विचारलं, "वार कुठला हुता ह्यो?"

मी मोबाईलवर कॅलेंडर मागं मागं नेत २०११ पर्यंत आले. शनिवार होता.

"सकाळची शाळा," तो म्हणाला. "कवायत असायची." आणि थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग बोट पुढच्या चौकोनावर सरकवलं, मधला रविवार सोडून, पहिल्या लाल ‘ग’ वर.

"म्हंजे सोमवारी गेलो न्हाई मी."